नागपूरच्या हवेत वाळवी पाळताना

वाळवी पाळायची असेल, तर आधी कोणती वाळवी पाळायची हे ठरवावे. आपल्याकडे शेताच्या बांधावर मातीची वारुळे उभी करणारी ओडोंटोटर्मिस ही वाळवी सर्वांच्या ओळखीची आहे. परंतु ती वाळलेला पाला व लाकूड आणून त्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी पिकवते आणि त्या बुरशीच्या आधारानेच जगते. पावसाळ्यात विदर्भाच्या बाजारात येणाऱ्या सात्या याच बुरशीच्या छत्र्या होत. वारुळातील हा बुरशीचा मळा बरणीत टिकवणे फार अवघड आहे, म्हणून नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. कॉप्टोटर्मिस किंवा हेटरोटर्मिस या लाकडावर थेट जगणाऱ्या वाळव्या घ्याव्यात. त्यांच्या आतड्यातील एकपेशीय जीव लाकडातील सेल्युलोज पचवून देतात आणि बाहेरच्या कोणत्याही पिकाची त्यांना गरज पडत नाही. ओळख सैनिकावरून पटते. कॉप्टोटर्मिसच्या सैनिकाचे डोके पिवळसर आणि थेंबाच्या आकाराचे असते, व त्याला ब्रशच्या टोकाने डिवचले की कपाळावरच्या छिद्रातून दुधासारखा पांढरा, चिकट थेंब बाहेर येतो. भिंग लावून हा थेंब एकदा पाहिला, की पुढे ओळखण्यात चूक होत नाही.

वाळवी आपल्या अंगणातून, परसातून किंवा शेतातूनच घ्यावी. पेंच किंवा गोरेवाडा यांसारख्या संरक्षित जंगलातून पडलेले लाकूडसुद्धा उचलू नये. सोपी रीत अशी, की पन्हळी पुठ्ठ्याची घट्ट गुंडाळी पाण्यात भिजवून, वाळवीचा वावर असलेल्या सावलीच्या जागी वीतभर खोल पुरावी आणि तीन-चार आठवड्यांनी उकरून पाहावी. पावसाळा ओसरताना, जमिनीत ओल असेपर्यंत, हे चांगले साधते. पुठ्ठा ट्रेमध्ये उलगडून हलकेच झटकावा आणि मऊ ब्रशने वाळव्या गोळा कराव्यात. चिमट्याने धरल्यास त्यांचे अंग फुटते. साधारण 200 कामकरी आणि 10 ते 15 सैनिक पुरेत. सैनिकांना स्वतः खाता येत नाही, कामकरी त्यांना तोंडातून भरवतात. त्यामुळे सैनिक जास्त झाले तर सगळ्या गटावर ताण पडतो. दहा-वीस वाळव्या घेऊन प्रयोग करू नये, याचेही कारण आहे. कात टाकताना वाळवीच्या आतड्यातील एकपेशीय जीव निघून जातात आणि सोबतिणीच्या गुदद्वारातून मिळणाऱ्या द्रवातून ते तिला पुन्हा मिळवावे लागतात. गट लहान असला की ही देवाणघेवाणच तुटते.

राजा-राणीशिवायचा असा गट काही महिने जगतो. वाढती वसाहत हवी असेल, तर त्याच जातीचे पंखधारी पावसाळ्यात उडतात तेव्हा संध्याकाळी लक्ष ठेवावे. पंख गाळून मादी पुढे आणि नर तिच्या पाठोपाठ चालत असलेली जोडी मिळाली, की ती ओलसर माती व कुजके लाकूड घातलेल्या लहान बाटलीत ठेवून काही महिने अजिबात हलवू नये. पहिली पिढी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असते आणि इथे घाई करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

भांडे काचेचेच घ्यावे. पातळ प्लास्टिक, थर्मोकोल आणि जोडांतील सिलिकॉन वाळवी कुरतडते, आणि गुळगुळीत काचेवर तिला चढता येत नसले तरी मातीची नळी बांधून ती वर पोहोचते. म्हणून झाकणाच्या छिद्रांवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक स्टीलची जाळी हवी, आणि बरणी पाण्याने भरलेल्या पसरट ताटलीत ठेवायला हवी. त्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकले, की मुंग्याही आत येत नाहीत. मुंगी हा वाळवीचा सर्वांत मोठा शत्रू आहे. चार मुंग्यांना वाट सापडली तर सकाळपर्यंत बरणी रिकामी होते.

खरी मेहनत आहे ती ओलाव्याची. वाळवीची कातडी इतकी पातळ असते, की कोरड्या हवेत ती काही तासांत सुकून मरते, आणि पाळलेल्या वाळव्या उपासापेक्षा कोरडेपणानेच अधिक दगावतात. नागपूरची काळी माती नुसती वापरू नये. ओली असताना ती चिखल होऊन बोगदे बुजवते आणि सुकली की भेगा पाडून बोगदे फोडते. तीन वाटे बारीक, धुतलेली वाळू आणि एक वाटा काळी माती हे मिश्रण मला उत्तम वाटते. मी कन्हानची वाळू चाळून घेतो. पाणी रात्रभर उघडे ठेवून क्लोरीन उडू द्यावे, मग थोडे थोडे शिंपडत मिश्रण कालवावे. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे, पण बोटांच्या फटीतून थेंब येता कामा नये. बरणी तयार झाली, की स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर तिचे वजन करून ते काचेवर लिहून ठेवावे. दर आठवड्याला पुन्हा वजन करून जितके ग्रॅम कमी भरतील, जवळपास तितके मिलिलिटर पाणी काचेच्या कडेने ड्रॉपरने सोडावे. अंदाजाने पाणी घालणारे बहुतेक जण जास्त घालतात, आणि मग तळाशी पाणी साचून हिरवी बुरशी धरते.

खाण्याची बाजू त्या मानाने सोपी आहे. आंबा किंवा सावरीचे, रंग-पॉलिश वा कीटकनाशक न लागलेले लाकडाचे तुकडे, साधा पन्हळी पुठ्ठा आणि टिपकागद यांवर गट छान राहतो. सागाचा गाभा देऊ नये, त्यातील द्रव्ये वाळवीला सोसत नाहीत. लाकूड आधी दिवसभर पाण्यात भिजवून मग निथळून ठेवावे. गट एका बरणीतून दुसऱ्या बरणीत न्यायचा असेल, तर कागदावर बॉलपेनने रेघ ओढून पाहावी. अनेक बॉलपेनांच्या शाईतील फिनॉक्सीइथेनॉल वाळवीला तिच्या मागाच्या गंधासारखे भासते, आणि आंधळ्या कामकरी त्या रेघेवरून एकामागून एक चालू लागतात. प्रत्येक पेनाने हे होत नाही, म्हणून दोन-तीन पेने वापरून पाहावीत.

उरतो तो उन्हाळा. वाळवीला 26 ते 30 अंश तापमान मानवते, आणि आपल्याकडे नवतप्यात पारा 45 च्या वर जातो. माझी पहिली वसाहत अशाच मे महिन्यात गेली. लग्नासाठी चार दिवस गावी गेलो होतो, घर बंद, कूलर बंद, आणि बरणी पश्चिमेच्या भिंतीच्या कपाटात होती. परतलो तेव्हा वाळू काचेपासून सुटली होती आणि सगळ्या वाळव्या तळाच्या एका कोपऱ्यात एकमेकींवर पडून मेलेल्या होत्या. आता एप्रिल लागला की बरणी न रंगवलेल्या मातीच्या मोठ्या कुंडीत ठेवतो, मधल्या जागेत वाळू भरून ती सकाळ-संध्याकाळ भिजवतो, आणि कुंडी घराच्या आतल्या खोलीत जमिनीवर असते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने बरणीही गार राहते. कूलरचा झोत मात्र थेट बरणीवर घेऊ नये, आणि गावाला जायचे असल्यास वाळू भिजवण्याचे काम शेजाऱ्यावर सोपवूनच निघावे.

छंद थांबवायचा झाल्यास वाळवी बाहेर सोडून देऊ नये. शेजाऱ्याच्या चौकटी आणि संत्र्याची झाडे यांना तिच्यापासून खरा धोका असतो. मूळ जागा आपलीच असेल आणि गट तिथलाच असेल, तर तो तिथे परत सोडता येतो. एरवी बरणीतील सारे जाड पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवावे, त्यानंतरच माती कुंडीत वापरावी आणि बरणी उकळत्या पाण्याने धुवावी.