लतादीदींच्या रेकॉर्डिंगचा कोश वापरताय? या चुका टाळा

'पाकीजा'ची गाणी कधी रेकॉर्ड झाली असं कोणालाही विचारा, पटकन १९७२ सांगतात. माझ्या वहीतही सहा वर्षं तेच लिहिलेलं होतं. पिक्चर ४ फेब्रुवारी १९७२ ला लागला हे बरोबर, पण त्यातल्या दीदींच्या गाण्यांचे संगीतकार गुलाम मोहम्मद मार्च १९६८ मध्येच गेले होते, पिक्चरचं काम पन्नासच्या दशकात सुरू होऊन मध्ये वर्षानुवर्षं अडकून पडलेलं आणि उरलेलं पार्श्वसंगीत शेवटी नौशादांनी पुरं केलं. म्हणजे ही गाणी १९६८ च्या आधीची, काही तर बरीच आधीची. ज्या दीदींचा आवाज आपण '१९७२ चा' म्हणून ऐकतो, त्यावरून 'बघा, चाळिशी ओलांडल्यावरही आवाज कसा होता' असं मोठ्या कौतुकाने लिहितो, तो आवाज खरं तर तिशीतला आहे. एक साल चुकलं की त्यावर उभं केलेलं सगळंच चुकतं, म्हणून हे लिहितोय.

कोश म्हणजे गायिकेनं काय गायलं, कोणाकडे, सोबत कोण, कुठल्या कंपनीची तबकडी, नंबर काय, याचा हिशोब मांडणारं जाडजूड पुस्तक. अशी पुस्तकं लोकांनी आयुष्यातली वीस-वीस वर्षं घालून केलीत, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, आणि इथल्या बहुतेक चुका पुस्तकाच्या नाहीत, ते वाचणाऱ्या आपल्या आहेत.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: तारीख कशाची आहे हे न बघणं

एका गाण्याला किमान पाच तारखा असतात. गाणं माइकवर गायलं तो दिवस, त्यावरून तबकडी कापली तो दिवस, तबकडी बाजारात आली तो महिना, पिक्चरला सेन्सॉरचं सर्टिफिकेट मिळालं ती तारीख, आणि पिक्चर लागला ती तारीख. यातली कुठली छापलीय हे बहुतेक कोशांच्या सुरुवातीला संपादकाने लिहिलेलं असतं आणि आपण ती पानं ओलांडून थेट आवडत्या गाण्यावर जातो! सेन्सॉर डिसेंबरात आणि रिलीज जानेवारीत झाला की लगेच एका वर्षाचा फरक पडतो, मग दोन पुस्तकं समोरासमोर ठेवून 'यातलं एक चूक आहे' म्हणून वाद घालत बसतो, आणि खरं तर दोन्ही बरोबर असतात.

उपाय साधा आहे. वहीत तारखेचा एकच रकाना ठेवू नका. 'गायलं', 'तबकडी कापली', 'तबकडी आली', 'सेन्सॉर', 'रिलीज' असे वेगळे रकाने करा आणि जे माहीत नाही ते रिकामं ठेवा. रिकामा रकाना डोळ्यांना खुपतो हे मला कळतं, पण अंदाजाने भरलेला रकाना दहा वर्षांनी तुम्हाला स्वतःलाच खरा वाटायला लागतो.

संगीतकाराच्या मृत्यूची तारीख ही तपासायची चांगली जागा आहे असं 'पाकीजा'वरून वाटेल, आणि आहेच, पण ती डोळे झाकून वापरू नका. 'वीर-झारा'चं उदाहरण अगदी उलटं आहे. मदन मोहन १४ जुलै १९७५ ला गेले, पिक्चर आला २००४ मध्ये, आणि इथे मात्र गाणी खरोखरच नवीन रेकॉर्ड केलेली, चाली तेवढ्या जुन्या, त्यांच्या मुलाने जपून ठेवलेल्या. मी एका यादीत ही गाणी 'सत्तरच्या दशकातली अप्रकाशित' म्हणून टाकलेली पाहिलीत. नुसतं ऐकलं तरी कळतं ना, पंचाहत्तरीतला आवाज आणि चाळिशीतला आवाज यात किती फरक असतो. कागद आणि कान, दोन्ही लागतात.

तारीख सापडतच नसेल तर निदान कड बांधता येते. गाणं रेडिओवरच्या बिनाका गीतमालेत अमुक आठवड्यात वाजलं असेल तर ते त्याआधी रेकॉर्ड झालेलंच असणार, एवढं नक्की. 'अमुकच्या आधी' अशी नोंद ही पण नोंदच असते, ती कमीपणाची समजू नका.

'ऐ मेरे वतन के लोगों'पुढे हमखास २७ जानेवारी १९६३ लिहिलेलं दिसतं. ती दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पहिल्यांदा जाहीर गायल्याची तारीख. आपण ऐकतो ती तबकडी हे वेगळं रेकॉर्डिंग आहे, स्टुडिओतलं, तिला ती तारीख चिकटवू नका.

मॅट्रिक्स नंबरवरून 'टेक' काढणं

ही चूक जरा शिकलेल्या लोकांची. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकडीवर लेबल आणि शेवटची खाच यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर एक नंबर कोरलेला असतो, तोच मॅट्रिक्स नंबर, टॉर्च तिरका धरला की दिसतो, लेबलवरच्या कॅटलॉग नंबरपेक्षा हा वेगळा. कॅटलॉग नंबर (एचएमव्हीचा एन, कोलंबियाचा जीई वगैरे) हा विक्रीसाठी, आणि एका तबकडीच्या दोन्ही बाजूंना तोच. मॅट्रिक्स मात्र प्रत्येक बाजूचा स्वतंत्र, आणि त्याच्या शेपटाला कधी कधी १ किंवा २ असा आकडा असतो. परदेशी गायकांच्या कोशात हा आकडा गायकाचा कितवा टेक, म्हणजे तेच गाणं कितव्यांदा गायलेलं, ते सांगतो, कारण तिथे जुन्या काळी गायक थेट मेणाच्या तबकडीवरच गात होता. ते वाचून आपण इथेही तेच लावतो, आणि तिथे फसतो.

दीदींची चित्रपटगीतं बहुतेक फिल्म स्टुडिओत आधी साउंड-फिल्मवर आणि नंतर टेपवर रेकॉर्ड झाली, आणि त्यावरून ग्रामोफोन कंपनीने पुढे तबकडी कापली. म्हणजे शेपटाला २ असेल तर तबकडी दुसऱ्यांदा कापली असा त्याचा अर्थ, दीदींनी दुसऱ्यांदा गायलं असा नाही. स्टुडिओत किती टेक झाले हे त्या तबकडीला ठाऊकच नसतं. सगळे वादक आणि गायक एका वेळी एका हॉलमध्ये, एकाची चूक झाली की सगळ्यांनी पहिल्यापासून, आणि शेवटी एक ओके टेक ठेवायचा, अशी ती पद्धत. त्यामुळे 'अमुक गाण्याचे सतरा टेक झाले' असं कुठे वाचलं तर त्याच्यामागे कोणाची तरी आठवण आहे का कागद आहे ते विचारा. आठवण असेल तर आठवण म्हणून लिहा, बस.

खाजगी, म्हणजे पिक्चरबाहेरच्या गाण्यांचं, भावगीतांचं वेगळं. तिथे कंपनीच्या स्वतःच्या स्टुडिओत गाणं व्हायचं, त्यामुळे दोन्हींना एकच नियम लावू नका.

वादकांच्या किंवा अरेंजरच्या (वाद्यमेळ बसवणाऱ्याच्या) डायऱ्या कोणी दाखवल्या तर सोनंच, पण त्यातही 'सिटिंग' (चाल बसवायची बैठक), 'रिहर्सल' आणि 'रेकॉर्डिंग' या तीन नोंदी वेगळ्या वाचा.

'हा वेगळा टेक आहे' असं स्पीड न तपासता जाहीर करणं

इथे जरा थांबतो कारण ही चूक मी स्वतः केलीय आणि चार लोकांना अभिमानाने सांगून झाल्यावर मागे घेतलीय.

तबकडीवर एक गाणं ३ मिनिटं २० सेकंद, डीव्हीडीवरच्या पिक्चरमध्ये तेच गाणं, तीच कडवी, ३ मिनिटं १२ सेकंद, आणि आवाज थोडा उंच, तरुण वाटणारा. मी लिहून मोकळा, पिक्चरसाठी वेगळं रेकॉर्डिंग! कारण भलतंच होतं. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमने शूट होतो आणि आपल्याकडची टीव्ही-डीव्हीडीची जी पॅल पद्धत आहे ती २५ फ्रेमने चालते, मग पिक्चर टाकताना सरळ तेवढा पळवतात. सुमारे चार टक्के वेग वाढतो, २०० सेकंदांचे १९२ होतात, आणि सूरही चढतो, काळी एकमधलं गाणं जवळजवळ पांढरी दोनला जाऊन बसतं. बरोबर माझे ८ सेकंद!

तेव्हापासून मी असं करतो. दोन्ही फाइल कुठल्याही ऑडिओ एडिटरमध्ये घ्या, पेटी किंवा ट्यूनरवर दोन्हींचा षड्ज (सा) बघा. लांबी जेवढी कमी तेवढाच सूर चढलेला असेल तर नुसता स्पीडचा खेळ आहे. मग एकाचा स्पीड दुसऱ्याइतका करा, एक फाइल डाव्या कानाला आणि दुसरी उजव्या कानाला लावा आणि मुखड्याची सुरुवात जुळवून हेडफोनवर ऐका. टेक एकच असेल तर दीदींचा आवाज मधोमध येऊन बसतो, फार तर हळूहळू एका बाजूला सरकतो, तिथे परत जुळवायचं. टेक वेगळा असेल तर पहिल्याच ओळीत दोन लता मंगेशकर गाताना ऐकू येतात, आणि खरं सांगतो, तो क्षण अंगावर काटा आणतो. शब्दाच्या आधीचा श्वास ऐका. गळ्यातली हरकत दीदी हुबेहूब परत घेऊ शकत होत्या, इतकी तयारी होती, पण श्वासाची जागा आणि तबल्याची थाप दोन टेकमध्ये केसाइतकी तरी हलतेच.

लांबी कमी आणि सूर तोच, असं असेल तर कात्री लागलीय. ७८ च्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपासच गाणं मावायचं, त्यामुळे तबकडीत एक अंतरा गळालेला आणि पिक्चरमध्ये तो आहे असं खूप ठिकाणी सापडतं. तो वेगळा टेक असेल किंवा नुसता कापलेला, डावा-उजवा कान करूनच ठरवा.

आणि नव्वदच्या दशकात जुन्या गाण्यांवर वरून ठेका चढवलेल्या ज्या कॅसेट आल्या, त्यांना वेगळं रेकॉर्डिंग धरू नका. उलट १९९२ चा 'श्रद्धांजली' मात्र खरोखर वेगळा आहे, त्यात सैगल, रफी, मुकेश अशा इतरांची गाणी दीदींनी नव्याने गायलीत, पण ती मूळ पिक्चरच्या खात्यात टाकू नका.

लेबलवरच्या नावावर डोळे झाकून विश्वास

१९४९ च्या 'महल'ची तबकडी निघाली तेव्हा 'आयेगा आनेवाला'च्या लेबलवर गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी'. मधुबालाच्या पात्राचं नाव ते. तेव्हा पद्धतच तशी होती. रेडिओवर फर्माइशी यायला लागल्या, लोक विचारायला लागले ही कोण गाते, तेव्हा कुठे नाव जाहीर झालं. म्हणजे लेबलवर 'लता' नाही म्हणून गाणं सोडायचं नाही.

आणि उलटंही आहे. सुमन कल्याणपूर यांची किती गाणी लोकांनी दीदींच्या खात्यात टाकलीत, 'ना तुम हमें जानो'मध्ये हेमंतकुमारांबरोबरचा आवाज सुमनताईंचा आहे, 'जब जब फूल खिले'मधलं 'ना ना करते' त्यांचंच. एका मोठ्या गायिकेचं श्रेय दुसऱ्या मोठ्या गायिकेच्या नावावर गेलं तर ती नुसती चुकीची नोंद राहत नाही, तो अन्याय होतो, हे मला मनापासून वाटतं. एक गोष्ट ध्यानात ठेवा, साठच्या दशकात रॉयल्टीच्या वादामुळे दीदी आणि रफी काही वर्षं एकत्र गात नव्हते, त्या काळातलं द्वंद्वगीत 'रफी-लता' म्हणून दिसलं की आधी थांबा आणि तबकडी शोधा.

मराठीत तर संगीतकाराचाही घोटाळा होतो. 'साधी माणसं' (१९६५), 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'तांबडी माती' यांचे संगीतकार 'आनंदघन' म्हणजे दीदीच. संगीतकाराप्रमाणे यादी केली तर दोन्ही नावांखाली एकमेकांचा उल्लेख हवा, नाहीतर 'साधी माणसं'मधलं 'ऐरणीच्या देवा तुला' शोधणारा नवीन वाचक अर्धीच गोष्ट घेऊन जातो.

सूचीत सापडलं नाही म्हणजे गाणं नाही, असं समजणं

'आयेगा आनेवाला' आ मध्ये शोधलं, नाही सापडलं, पुस्तकावर चिडलात? ख मध्ये बघा. गाण्याच्या आधी 'ख़ामोश है ज़माना' पासूनचा तुकडा आहे आणि काही संपादक पहिल्या उच्चाराप्रमाणे सूची लावतात. सुरुवातीचा शेर, नुसते 'ओ', 'हो', 'अजी', नुक्ता दिला न दिला, सगळं तपासा.

पिक्चरप्रमाणे शोधणाऱ्यांसाठी अजून एक. १९४२ च्या 'किती हसाल'साठी दीदींनी पहिलं चित्रपटगीत गायलं, 'नाचू या गडे', आणि ते पिक्चरमध्ये ठेवलंच नाही. पिक्चर बघून गाण्यांची यादी करणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही. 'पाकीजा'ची न वापरलेली गाणीही १९७७ मध्ये वेगळ्या एलपीवर आली. गाळलेल्या गाण्यांसाठी वहीत वेगळं पान ठेवा.

एकूण आकडा

पंचवीस हजार, तीस हजार, काहीही ऐकू येतं. गिनीज बुकात सत्तरच्या दशकात पंचवीस हजारांचा आकडा छापला, रफीसाहेबांनी त्याला हरकत घेतली, आणि १९९१ मध्ये ती नोंद काढून टाकली. प्रत्यक्ष एकेक गाणं मोजत बसलेल्या लोकांची हिंदी चित्रपटगीतं पाच-सहा हजारांच्या घरात येतात. काहींना हे सांगितलं की वाईट वाटतं, जणू आपण दीदींचं काही काढून घेतलं. अहो, पाच हजार गाणी, आणि त्यातली इतकी आजही घराघरात तोंडपाठ, याहून काय मोठं हवंय? आकडा लिहायचाच तर काय मोजलं ते लिहा: फक्त हिंदी, की मराठी-बंगालीसकट, चित्रपट की खाजगी, दोन बाजूंवर भाग १, भाग २ असं निघालेलं गाणं एक धरलं की दोन.

कोशात चूक सापडलीच, अगदी पक्की, तर छापील अक्षर खोडू नका. समासात पेन्सिलने दुरुस्ती, त्यापुढे कशावरून (तबकडीचा नंबर, लेबलचा फोटो, डायरीचं पान) आणि कुठल्या दिवशी लिहिलं ते. माझ्या प्रतीत 'पाकीजा'च्या पानावर अशा चार ओळी आहेत, त्यातली एक पुढच्याच वर्षी मला परत बदलावी लागली, आणि पेन्सिल होती म्हणून आधीचं काय लिहिलं होतं तेही खाली अजून वाचता येतं.