मिनी ट्रॅक्टरला घरी बॅकहो करताय? आधी पोटाखालची फ्रेम

पोटाखालची फ्रेम. यादीतली पहिली ओळ ही, आणि तिचं मोजमाप कागदावर आल्याशिवाय दुसरी ओळ लिहू नका. गेल्या वेळी मी बॅकहोच्या (ट्रॅक्टरमागचा खोदणारा हात) बकेटपासून सुरुवात केली, बूम (त्या हाताचा ट्रॅक्टरकडचा मोठा भाग) उभी केली, रंगसुद्धा मारला आणि सगळं धूड थ्री-पॉइंटला (मागे अवजारं जोडायचे तीन हात) अडकवून चर काढायला नेलं. गिअरबॉक्सच्या तोंडाशी बिडाला (कास्ट आयर्नला) चीर गेली, तेल रानात. हे एकदाच सांगतो. पुढची यादी त्याच्यामुळे अशी उलट्या क्रमाने आहे.

ट्रकला चेसिस असते, आपल्या ट्रॅक्टरला नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स, डिफरन्शियल असे बिडाचे डबे एकाला एक बोल्टने जोडलेले असतात आणि तोच त्याचा कणा. नांगर किंवा रोटर ओढताना जोर खालून, एक्सलच्या जवळून येतो, तो त्याला झेपतो. बॅकहोचा दात मात्र एक्सलच्या मागे आठ-नऊ फुटांवर असतो. तिथे १००० किलोचा जोर लागला तर जोडावर येणारा बाक किती होतो ते वहीत मांडून बघा. बीड दाबाला दणकट असतं, ताणाला नाही. तो ताण बिडाने न घेता लोखंडाने घ्यावा एवढ्यासाठी ही फ्रेम.

दुसरं कारण जिवाचं आहे. थ्री-पॉइंटचे खालचे दोन हात वर जायला मोकळे असतात. लिफ्ट उचलते, खाली दाबून धरत नाही. बकेट जमिनीवर टेकवून बूम दाबली की बॅकहोची सगळी चौकट उचलली जाऊ शकते, आणि चालवणारा ट्रॅक्टरच्या सीट-मडगार्डमध्ये आणि त्या चौकटीमध्ये सापडतो. वेल्डर म्हणेल, ‘थ्री-पॉइंटला पिना घालू, वरनं टॉप लिंक हायच की.’ ऐकायचं नाही. मोबाईलवरच्या व्हिडिओंत असेच लटकवलेले बॅकहो मस्त चर काढताना दिसतात. सहा महिन्यांनी त्या ट्रॅक्टरचं काय झालं ते कुणी दाखवत नाही.

तर फ्रेम. ट्रॅक्टरच्या दोन्ही अंगांनी एक-एक लांब चॅनेल, १०० मिमीचा, किंवा जाड पत्र्याचा बॉक्स. मागे तो एक्सलच्या नळीला यू-क्लॅम्प आणि प्लेट लावून धरायचा, पुढे जिथे पुढची वजनं लावतात त्या ब्रॅकेटपर्यंत न्यायचा, मधे आडव्या पट्ट्या. अर्ध्यात, म्हणजे क्लच हाउसिंगच्या बोल्टांना बांधून थांबवलेली फ्रेम म्हणजे फ्रेम नाही. ती बाक नेमका नको तिथेच नेऊन सोडते. बोल्ट ८.८ ग्रेडचे किंवा त्याच्या वरचे, डोक्यावर आकडा कोरलेला बघून घ्या. बिडावर वेल्डिंग अजिबात नाही. ‘बिडाची रॉड मारतो, काय होत नाही’ असं कुणी म्हणालं तर ट्रॅक्टर घेऊन तिथून निघा.

मोजमाप करताना ट्रॅक्टरखाली स्वतः पडून बघा. तेल सोडायचे नट उघडे राहिले पाहिजेत, फिल्टर निघाला पाहिजे, क्लच आणि ब्रेकच्या दांड्या हलल्या पाहिजेत. फोर-व्हील असेल तर पोटाखालून पुढे जाणारा शाफ्ट विसरू नका. पुढचा एक्सल मधल्या पिनेवर डोलतो. एक चाक सरीत आणि एक वरंब्यावर असताना तो फ्रेमला अडता कामा नये. जॅक लावून एक-एक चाक उचला आणि प्रत्यक्ष बघा. हे सगळं जमलं तरच लोखंड आणायला जा.

आता बाकीचं, आणि आधी यंत्राचं माप. कोल्हापूर-सांगलीकडे बहुतेकांना हे हवं असतं ते पाइपलाइनच्या चरासाठी, नाहीतर शिरोळकडच्या क्षारपड रानात निचऱ्याचे छिद्रांचे पाइप टाकायला. त्याला चार-पाच फूट खोली पुरते. उभ्या उसाच्या कडेने मोठा जेसीबी जात नाही आणि गेला तर रान दाबून टाकतो, म्हणून तर हा खटाटोप. सात-आठ टनांच्या, ७५ एचपीच्या यंत्राची नक्कल २४ एचपीच्या ट्रॅक्टरवर करू नका. १२ इंची बकेट, सहा फूट खोली, एवढ्यावर थांबा. भंगारात मोठ्या मशीनचे सिलिंडर स्वस्त दिसतात. तुमच्या पंपाला ते भरायला इतका वेळ लागेल की बूम उचलेपर्यंत चहा होईल.

लोखंड कापण्याआधी पुठ्ठ्यावर दहाला एक मापाने बूम, डिपर (बूमच्या पुढचा, बकेट धरणारा हात) आणि बकेट कापा, टाचण्या लावून हलवून बघा. सिलिंडरची मिटलेली लांबी इथेच धरायची. ६०० मिमी स्ट्रोकचा सिलिंडर मिटल्यावर ६०० चा होत नाही, पिस्टन, ग्लँड आणि दोन डोळे धरून सव्वाआठशेच्या आसपास जातो. भल्याभल्यांची बूम यामुळे पूर्ण मिटत नाही. बकेटला सिलिंडर सरळ न जोडता मधे दोन पट्ट्यांची लिंक द्या, नाहीतर बकेट पुरेशी वळत नाही आणि भरलेली माती परत चरात.

पंप. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या हायड्रॉलिकवर भागवायचा मोह होतो. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांत ते तेल गिअरबॉक्सचंच असतं. सिलिंडर भरले की तिथली पातळी उतरते आणि बाहेरची घाण आत जाते. वेगळा पंप, वेगळी टाकी. पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा फिरता शाफ्ट) ५४० आरपीएमचा, गिअर पंपाला एवढा वेग कमी पडतो, म्हणून मधे एकास तीनचा गिअरबॉक्स. १६ सीसीचा पंप १६२० ला फिरला तर मिनिटाला जेमतेम २५ लिटर. १५० बारला त्याला साधारण दहा एचपी लागतात, ट्रॅक्टर गुदमरत नाही. गिअरबॉक्समधून आलं की फिरण्याची दिशा उलटी होते आणि गिअर पंप एकाच दिशेने चालतो, तेव्हा पैसे देण्याआधी पंपावरचा बाण बघा. पंपाचा गिअरबॉक्स नुसता पीटीओवर टांगला तर तोच गरगर फिरेल. त्याला अडवणारा हात हवा, आणि तो हात बांधायचा कुठे? फ्रेमला. म्हणजे बघा, फ्रेम नसेल तर पंप लावायलाही जागा नाही.

सिलिंडर: ६३ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर १५० बारला पावणेपाच टनांच्या आसपास ढकलतो, ४० चा रॉड असेल तर ओढताना पावणेतीन टन. डिपरला ६३, बूमला जास्तीत जास्त ८०. आणि हे टन हवेत जात नाहीत, फ्रेममध्ये जातात. सिलिंडर वाढवायचा विचार आला की आधी फ्रेमचा चॅनेल वाढवा. व्हॉल्व सहा लिव्हरचा, ओपन सेंटर (लिव्हर सोडल्या की तेल टाकीत परत जाऊ देणारा): बूम, डिपर, बकेट, स्विंग (बूम डावी-उजवीकडे फिरवणं), जमिनीवर टेकायचे दोन पाय. पायांच्या सिलिंडरला लॉक व्हॉल्व हवाच, नाहीतर काम चालू असताना एक पाय हळूहळू बसतो आणि ट्रॅक्टर कलतो. स्विंगच्या दोन्ही पोर्टना रिलीफ व्हॉल्व (दाब वाढला की तेल सोडून देणारा). भरलेली बकेट फिरवून लिव्हर एकदम सोडली की सगळं वजन तेलावर आदळतं, पाइप फुटतो नाहीतर स्विंगचा बॉस (पिन बसते ती जाड कडी) तुटतो. मुख्य रिलीफ १५० ला, गेज लावून. कानाने नाही.

टाकी ६० लिटरची, ६८ नंबर तेल. आपल्या उन्हाळ्यात त्यापेक्षा पातळ नको. सक्शनचा पाइप इंचापेक्षा बारीक नको, लांबही नको. परतीच्या वाटेवर फिल्टर. प्रेशरचे पाइप तारेच्या दोन जाळ्यांचेच. पाइप कापला की आतून हवा मारून साफ करा. ग्राइंडिंगची किसपटं पंप खातात.

लोखंडाचं काम बऱ्याच जणांना येतं, तेव्हा त्यातलं अवघड तेवढंच लिहितो. बॉस एकेक सुटे वेल्ड केले की वेल्डिंगच्या ओढीने भोकं वाकडी होतात, पिन जात नाही, मग माणूस घणाने घालतो. दोन्ही बॉसमधून एकच लांब शाफ्ट घालून, टाके मारून, आलटून-पालटून वेल्ड करा. पिना ईएन-८ च्या, ३५-४० मिमी, प्रत्येकीला ग्रीस निपल आणि फिरू नये म्हणून एक बोल्ट. बुश गन मेटलचे, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्याकडे माप घेऊन गेलात तर करून मिळतात. फ्रेम, बूम आणि स्विंगच्या बॉसला ७०१८ रॉड, आणि ती सुकी. ओल्या जागी पडलेल्या पाकिटातली रॉड मारली तर वरून वेल्ड सुरेख दिसतो आणि कडेने तडकतो. बकेटच्या ओठाला लोक ट्रकचा कमानपाटा लावतात. घट्ट असतो खरा, पण गरम न करता वेल्ड केला तर टाक्याच्या शेजारी काचेसारखा तुटतो. तेवढी तयारी नसेल तर १६ मिमीची साधी प्लेट आणि विकतचे दात बरे.

चौकट फ्रेमला जोडायची कशी, हे आधीच ठरवा. खाली दोन हुक फ्रेमच्या आडव्या पाइपवर बसतील, वर दोन जाड पिना. बॅकहो उतरवता-चढवता आला पाहिजे, कारण पेरणीला ट्रॅक्टर मोकळा लागणार. आणि हो, बॅकहो उतरला तरी फ्रेम ट्रॅक्टरवरच राहते. ‘या खेपेला फ्रेम राहू दे, पुढच्या हंगामात करू’ हे वाक्य घरात कुणी उच्चारलं तर काम थांबवा. पुढच्या हंगामात फ्रेमसोबत गिअरबॉक्सची केसिंगही आणावी लागेल.

पुढे वजन. बॅकहो चारशे किलोच्या घरात जातो, ट्रॅक्टर हजाराच्या आसपास. पुढची चाकं उचलली की रस्त्यावर स्टिअरिंग नाही. फ्रेमच्या पुढच्या टोकाला वजनाची पेटी.

चालवण्याआधी: सगळे सिलिंडर भार न घेता दहा वेळा आत-बाहेर, तेल परत भरा. गळती हाताने चाचपू नका. टाचणीएवढ्या भोकातून आलेलं तेल कातडीत घुसतं आणि बाहेरून नुसता ठिपका दिसतो. बोट गमवावं लागू शकतं. पुठ्ठा धरा. तेल घुसलंच तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात. पीटीओवर कव्हर हवंच. उपरणं, ओढणी, सैल बाह्या जवळ नकोत. पहिला चर मऊ रानात, अर्ध्या वेगाने. तासाभराने फ्रेमचे सगळे बोल्ट परत आवळा, दिवसअखेरीस परत, आणि चॉकने खुणा करून ठेवा म्हणजे सरकले की कळेल. क्लच हाउसिंगचा जोड पुसून कोरडा करा आणि तिथे तेल किंवा चीर दिसते का ते रोज बघा.

खोदण्याआधी शेजाऱ्याची पाइपलाइन कुठून जाते ते विचारा, वर महावितरणच्या तारा बघा, बूम उभी किती उंच जाते ते आधीच माहीत हवं. काळ्या रानात चराच्या भिंती सांगून पडत नाहीत. पाच फुटी चरात आधाराच्या फळ्या लावल्याशिवाय माणूस उतरवू नका. उकरलेली माती काठाला लागून टाकू नका.

रस्त्यावर बूम आणि स्विंग दोन्हीला लॉक पिन. रंग शेवटी, पिना आणि सिलिंडरचे रॉड सोडून. गाडीत बदल केला की मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ लागू होतं. आरटीओत आणि विम्यावाल्याला आधी विचारा, भाड्याने द्यायचा विचार असेल तर नक्कीच. ग्रीस रोज. पिना जादा करून ठेवा, एक पाइप जादा, सील किट जादा.