नॅनोस्फटिक शोधायला बसण्यापूर्वी

मेटॅलिक ग्लासमध्ये (अणूंची नियमित मांडणी नसलेल्या, काचेसारख्या मिश्रधातूत) थोडंफार स्फटिकीकरण झालंय का हे तपासायचं ठरलं, की पहिलं काम म्हणजे त्याच खेपेतली, अजिबात न तापवलेली रिबन (वितळलेला धातू फिरत्या चाकावर झटपट थंड करून केलेली पातळ पट्टी) बाजूला काढून ठेवणं. कापणं, चिकटवणं, पातळ करणं, मायक्रोस्कोपखाली धरणं, जे जे तापवलेल्या नमुन्याचं होईल ते सगळं तिचंही करायचं. या कामात तयारी करताना आपल्याच हातून घडलेले स्फटिक "सापडतात", आणि ते पकडायला दुसरा सोपा उपाय नाही. साठा संपत आला की लोक नेमका हाच तुकडा वापरून टाकतात, म्हणून त्याची डबी वेगळी ठेवा.

कापण्याआधी रिबनच्या दोन्ही बाजूंवर खूण करा. चाकाला टेकलेली बाजू निस्तेज असते, मोकळी बाजू चकचकीत. मोकळी बाजू सावकाश थंड होते, त्यामुळे पृष्ठभागावरचे स्फटिक बहुधा तिथे आधी दिसतात. एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) दोन्ही बाजूंनी घ्या. मिश्रधातू लोहाचा असेल तर तांब्याच्या क्ष-किरण ट्यूबवर लोह स्वतःच चमकून पार्श्वभूमी वर उचलतं आणि बारीक शिखरं त्यात बुडतात. कोबाल्टची ट्यूब मागून घ्या, नाहीतर निदान मोनोक्रोमेटर (एकाच तरंगलांबीचे किरण पुढे सोडणारा भाग) तरी लावा. होल्डर शून्य-पार्श्वभूमीचा, सिलिकॉनचा. यंत्राची स्वतःची रुंदी वजा करायला लॅन्थेनम हेक्साबोराइडचं मोजमाप त्याच दिवशी, त्याच स्लिटवर.

यंत्राकडे जाण्यापूर्वी कागदावर एक गणित करून ठेवा. शिखराच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार सांगणाऱ्या शेररच्या सूत्रात तांब्याची ०.१५४ नॅनोमीटर तरंगलांबी आणि अल्फा-लोहाचं ४४.७ अंशांवरचं शिखर घातलं, तर १० नॅनोमीटरच्या स्फटिकाच्या शिखराची रुंदी सुमारे ०.८६ अंश येते. २ नॅनोमीटरला तीच ४.३ अंश होते, आणि एवढं रुंद शिखर काचेच्या हंपमध्ये (पसरट उंचवट्यात) मिसळून जातं. म्हणून "एक्सआरडीत फक्त हंप दिसला, म्हणजे नमुना अस्फटिकी" हे वाक्य अहवालात लिहू नका. फाइनमेट प्रकारच्या मिश्रधातूत (अणुटक्क्यांत लोह ७३.५, सिलिकॉन १३.५, बोरॉन ९, नायोबियम ३, तांबे १) ५५० अंश सेल्सिअसला तासभर ठेवल्यावर येणारे १० ते १५ नॅनोमीटरचे कण एक्सआरडी आरामात दाखवतं. त्याआधी जमणारे तांब्याचे पुंजके मात्र त्याला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी अॅटम प्रोबची (एकेक अणू ओळखणाऱ्या यंत्राची) वेळ आधीच मागून ठेवावी लागते.

डीएससीसाठी (तापवताना नमुन्यातून निघणारी किंवा शोषली जाणारी उष्णता मोजण्यासाठी) आर्गॉन, आणि इंडियम-झिंकचं कॅलिब्रेशन. लोहाच्या काचेला अॅल्युमिनियमचा पॅन चालत नाही, तो ६६० अंशांना वितळतो, अॅल्युमिनाचा घ्या. नमुना एकदा तापवून झाला की न हलवता पुन्हा तोच स्कॅन करा, तीच बेसलाइन. न तापवलेल्या तुकड्याच्या स्फटिकीकरणात निघालेल्या उष्णतेशी तुलना करून स्फटिकांचा अंश काढता येतो, पण स्फटिकातलं मूलद्रव्यांचं प्रमाण काचेपेक्षा वेगळं असेल तर त्या आकड्याला अंदाजच म्हणा. वेळ मिळाला तर समतापी (एकाच तापमानाला धरून ठेवलेला) स्कॅन जरूर लावा. चेन आणि स्पायपेन यांनी १९८८ मध्ये दाखवलं की खऱ्या काचेत केंद्रकं तयार होऊन वाढताना शिखर येतं, आणि आधीच बारीक स्फटिक असलेल्या पदार्थात फक्त कण मोठे होत असल्यामुळे संकेत सुरुवातीपासून उतरत जातो. संशयास्पद नमुन्याला मी तरी आधी हीच परीक्षा देते.

टीईएमची (पारगामी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची) तयारी सगळ्यात जास्त वेळ खाते आणि खोटे स्फटिकही तिथेच जास्त घडतात. चिकटवायचं मेण किंवा गोंद किती अंशांना लावायचा हे तपासा. काही अॅल्युमिनियम-आधारित काचांत स्फटिकीकरणाचा पहिला टप्पा २०० अंशांच्या आसपासच सुरू होतो. आयन मिलिंग (आयनांच्या माऱ्याने पातळ करणं) करायचं असेल तर कमी व्होल्टेज, कमी कोन आणि द्रव नायट्रोजनचं थंडावण. जमेल तिथे ट्विन-जेट (दोन्ही बाजूंनी आम्लाच्या धारेने पातळ करणं) बरं: नायट्रिक आम्ल आणि मिथेनॉल, उणे ३० अंशांच्या आसपास, फ्यूम हूडमध्ये. मिथेनॉल संपलं म्हणून इथेनॉल ओतायचं नाही, ते मिश्रण स्फोटक ठरू शकतं.

पातळ भाग खरोखर पातळ हवा. ५० नॅनोमीटर जाडीत २ नॅनोमीटरचा कण वरखालच्या काचेच्या ठिपक्यांत हरवतो. उलट, उच्च-विभेदन चित्रात डिफोकस (फोकसपासूनचं अंतर) बदलला की निव्वळ काचेतही रेघा जुळल्यासारख्या दिसतात, म्हणून एकाच जागेची डिफोकसची मालिका घ्यायची हे वहीत आधीच लिहून ठेवा. डार्क-फील्डला (फक्त विवर्तित किरणांनी घेतलेल्या चित्राला) अॅपर्चर विवर्तन-चित्रातल्या कड्याच्या एका भागावर बसतं आणि ब्रॅगची अट पाळणारेच कण उजळतात. अॅपर्चर कड्यावर फिरवून निदान चार जागी चित्रं घ्या, नाहीतर मोजणी कमी येईल. आणि नव्या जागेवर गेल्याबरोबर पहिलं विवर्तन-चित्र कमी डोसवर, मग काम, मग त्याच जागेचं शेवटचं चित्र. मधल्या वेळात कड्यावर नवे ठिपके आले असतील, तर ते इलेक्ट्रॉनांच्या बीमने केलेले आहेत. ती जागा मोजणीतून वगळा.