जुन्या बंदराच्या गावाची एक दिवसाची सहल कशी आखावी

जुन्या बंदराच्या गावात एका दिवसात जाऊन यायचं ठरलं की आपण आधी ‘बघण्यासारखी ठिकाणं’ शोधतो. किल्ला, दीपगृह, संग्रहालय, जुना बाजार अशी यादी तयार होते आणि दिवसभर त्या यादीमागे पळापळ चालते. संध्याकाळपर्यंत सगळं बघून झालेलं असतं. पण हे गाव नेमकं इथेच का वसलं, कशामुळे भरभराटीला आलं आणि पुढे मागे का पडलं, याचा पत्ता लागलेला नसतो. माझ्या मते अशा गावात काय काय बघता यापेक्षा कोणत्या क्रमाने बघता याला जास्त महत्त्व आहे. गाव पाण्याने घडवलेलं असतं, म्हणून दिवस पाण्याच्या वेळा बघून आखावा आणि गावात शिरावं तेही पाण्याच्या बाजूने.

पहिली पायरी: जुना किनारा शोधा

निघायच्या आधी अर्धा तास नकाशासमोर बसा. सॅटेलाइट नकाशा असेल तर उत्तम. बंदर नदीच्या मुखाशी आहे, खाडीत आत आहे, की एखाद्या बेटाच्या आडोशाला आहे? मोठ्या लाटांपासून आडोसा, गोडं पाणी आणि माल आत नेण्यासाठी नदी किंवा रस्ता या तीन गोष्टी जिथे जुळल्या, तिथे बंदरं उभी राहिली. यातली एक जरी बिघडली तरी गाव मागे पडायचं. बेल्जियममधलं ब्रूज झ्विन नावाच्या खाडीच्या जोरावर श्रीमंत झालं. त्या खाडीत गाळ भरत गेला आणि व्यापार अँटवर्पकडे सरकला. व्हिएतनाममधल्या होई आनचंही तेच झालं. थू बोन नदी गाळाने उथळ झाली, मोठी जहाजं दा नांगला जाऊ लागली. या दोन्ही गावांत जुन्या इमारती टिकल्या त्याचं एक कारण हेच आहे. व्यापार गेला, पैसा आटला, त्यामुळे जुनं पाडून नवं बांधायची निकड कुणाला उरली नाही.

मग बघा, आजचा किनारा हाच जुना किनारा आहे का? पुष्कळदा नसतो. मलेशियातल्या मलाक्कामध्ये पोर्तुगीज किल्ल्याचा जो दरवाजा उरला आहे, त्याच्या जवळपर्यंत एके काळी समुद्र होता. भराव टाकून टाकून तो आता लांब गेला आहे. नागासाकीचं देजिमा हे १६३६ मध्ये बांधलेलं पंख्याच्या आकाराचं कृत्रिम बेट होतं. नंतरच्या भरावांमुळे चहूबाजूंनी जमीन आली आणि ते शहरातच मिसळून गेलं. अशा ठिकाणी आजच्या समुद्राकाठी फिरून जुनं बंदर सापडत नाही. नकाशावर किनाऱ्याला समांतर जाणारा, पण बराच आत असलेला एखादा वळणदार रस्ता दिसतो का ते बघा. रस्त्याच्या नावात धक्का, बंदर, जकात असे शब्द असतील तर बहुधा जुना काठ तिथेच होता. तुमची फेरी त्या रेषेपासून सुरू करा.

दुसरी पायरी: भरती-ओहोटी बघून तारीख ठरवा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. तिकीट काढायच्या आधी भरतीचं कोष्टक उघडा.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, किंवा त्यानंतर एक-दोन दिवसांत, उधाण असतं. तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक कमी असतो.

कॅलेंडर बघून तारीख ठरवणाऱ्यांना एक गोष्ट फार उपयोगी पडते. जिथे दिवसातून दोनदा भरती येते, तिथे एखाद्या बंदरातली उधाणाची भरती दर वेळी साधारण त्याच सुमाराला येते. समजा, एका बंदरात पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास भरती असते. मग त्या दिवशी ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास असणार. आठवड्याने, अष्टमीला, चित्र उलटं होतं आणि भरदुपारी ओहोटी येते. म्हणजे गावात भर दिवसा पाणी हवं की उघडा तळ हवा, हे तारीख निवडतानाच ठरवता येतं.

दोन्हींची गंमत वेगळी आहे. भरतीला बंदर जसं असायला हवं तसं दिसतं. होड्या धक्क्याच्या बरोबरीला येतात, पायऱ्या पाण्यात बुडतात. ओहोटीला मात्र भिंतींचा पाया, जुन्या लाकडी खांबांचे बुंधे, गाळात रुतलेले दगड असं रोज झाकलेलं पुष्कळ काही उघडं पडतं. एकच निवडायचं असेल तर ओहोटी संपून भरती सुरू व्हायच्या सुमारास पोहोचेन अशी वेळ मी निवडते. उघडा तळही दिसतो आणि पुढच्या काही तासांत डोळ्यांदेखत बंदर भरत येतं.

पाणी एकाच वेगाने चढत-उतरत नाही, हेही लक्षात ठेवा. सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक, असा खलाशांचा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी सरकतं. फरक चार मीटरचा असेल तर त्या दोन तासांत दोन मीटर पाणी चढतं. ओहोटीत चालत जाता येणाऱ्या बेटावर किंवा किल्ल्यावर जाणार असाल, तर ‘अजून भरतीला तीन तास आहेत’ या हिशोबावर अजिबात विसंबू नका. परतीची वेळ तिथल्या सूचनाफलकावर बघा आणि त्याच्या बरीच आधी निघा.

कोष्टक वाचताना दोन गोष्टी तपासा. ते नेमक्या कोणत्या बंदराचं आहे? नदीत आत असलेल्या गावी भरती मुखापेक्षा उशिरा पोहोचते. आणि ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात, तिथे तो तास कोष्टकात धरला आहे का?

भूमध्य आणि बाल्टिक समुद्रांत भरती-ओहोटीचा फरक एरवी फारच कमी असतो, त्यामुळे तिथे वाऱ्याकडे बघावं लागतं. व्हेनिसमध्ये शरद आणि हिवाळ्यात भरती, वारा आणि हवेचा कमी दाब एकत्र आले की चौकांत पाणी शिरतं. ४ नोव्हेंबर १९६६ ला ते १९४ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं. तळ्याकाठच्या किंवा समुद्रापासून लांबच्या नदीकाठच्या गावाला हे कोष्टक लागत नाही. तिथे पावसाळ्यातली पाण्याची पातळी विचारून घ्या.

तिसरी पायरी: गर्दी आणि सुट्टीचा दिवस टाळा

संग्रहालयांची साप्ताहिक सुट्टी बघा. अनेक देशांत ती सोमवारी असते. मोठी पर्यटक जहाजं कोणत्या दिवशी लागणार याचं वेळापत्रक बरीच बंदरं आधी जाहीर करतात. छोट्या गावात एका जहाजातून हजारो माणसं उतरली की गल्ल्यांमध्ये पाय ठेवायला जागा राहत नाही, म्हणून तो दिवस सोडा. काही ठिकाणी एका दिवसासाठी येणाऱ्यांना आधी नोंदणी करावी लागते. व्हेनिसने २०२४ च्या एप्रिलपासून ठराविक दिवसांसाठी हा नियम आणला. परतीची शेवटची बोट किंवा गाडी कोणती आणि तिच्या आधीची कोणती, या दोन्ही वेळा लिहून ठेवा.

चौथी पायरी: आधी धक्क्यावर जा

उतरल्यावर मुख्य बाजार वाटेत लागेल. तिथे न रेंगाळता थेट पाण्याकाठी जा, पाण्याकडे पाठ करून उभे राहा आणि गावाकडे बघा. बाहेरून आलेल्या खलाशाला गाव या बाजूने दिसायचं. म्हणून गावाने आपला देखणा, श्रीमंत, दरारा बसवणारा चेहरा याच बाजूला बांधला. जकातघर, दीपगृह, देवालयाचा किंवा चर्चचा उंच कळस आणि तोफांचे बुरूज एकमेकांच्या संदर्भात कसे उभे आहेत, ते इथून एका नजरेत कळतं. बोटीने पोहोचायची सोय असेल तर बोटच घ्या, थोडा जास्त वेळ लागला तरी.

मग वाका आणि धक्क्याची कड बघा. जुन्या दगडी धक्क्यावर, विशेषतः कोपऱ्यांवर आणि पायऱ्यांच्या बाजूला, बोट बसेल अशा गुळगुळीत खाचा सापडतात. ओले, वाळू लागलेले दोर तिथून पिढ्यान्‌पिढ्या घासत गेले, त्याच्या त्या खुणा. जवळच भिंतीत लोखंडी कड्या असतील, काही खालच्या पातळीवर तर काही वरच्या, कारण होडी भरतीतही बांधायची आणि ओहोटीतही. भिंतीवर शेवाळाचा हिरवा पट्टा जिथे संपतो, ती साधारण भरतीची रेघ. दोर बांधायचे खुंट नीट बघा. कित्येक बंदरांत निकामी झालेल्या तोफा उभ्या पुरून त्यांचे खुंट केलेले असतात. तोंड वर, अर्धा भाग जमिनीत.

पायाखालच्या फरसबंदीकडेही लक्ष द्या. माल न घेता निघालेलं जहाज कलंडू नये म्हणून तळाशी दगड भरायचे आणि बंदरात माल चढवताना ते काढून टाकायचे. अमेरिकेतल्या सव्हानाचा नदीकाठचा रस्ता असल्या दगडांनी फरसबंद केलेला आहे. म्हणजे रस्त्यातला दगड दुसऱ्याच देशातला असू शकतो.

पाचवी पायरी: मालाच्या वाटेने आत शिरा

धक्क्यावर उतरलेला माल पुढे कुठे गेला असेल असा विचार करत चालायला लागा. पहिल्या रांगेत वखारी असतात. जाड भिंती, लहान खिडक्या, प्रत्येक मजल्यावर बाहेर उघडणारं दार आणि माथ्यावर कप्पी अडकवायची तुळई, या खुणांवरून त्या ओळखू येतात. ॲमस्टरडॅममधल्या कित्येक घरांचा दर्शनी भाग पुढे झुकलेला आहे, वर ओढलेला माल भिंतीवर आपटू नये म्हणून. होई आनच्या जुन्या घरांत वरच्या मजल्याच्या जमिनीला झडप असते. पुराचं पाणी चढू लागलं की सामान त्यातून वर ओढून घ्यायचं.

घरांची रुंदी बघा. पाण्याकडे तोंड असलेली जागा सर्वांत मोलाची, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला अरुंद पट्टी यायची आणि घर मागे लांबवर जायचं. नॉर्वेतल्या बर्गेनच्या ब्रिगेन भागात हे स्पष्ट दिसतं. समोर एकमेकांना खेटून उभी लाकडी घरं आणि त्यांच्यामधून मागे जाणाऱ्या फळ्यांच्या बोळी. १७०२ च्या आगीत हा भाग जळाला, तरी लोकांनी पुन्हा त्याच जुन्या आखणीवर घरं उभारली. तिथे पुढून फोटो काढून परत फिरू नका, बोळीत शिरा.

वखारींच्या मागे व्यापाऱ्यांची घरं, मग कारागिरांच्या गल्ल्या, आणि शक्यतो उंचावर अधिकाऱ्यांची वस्ती असा क्रम बऱ्याच गावांत दिसतो. बंदरावर दूरदूरची माणसं येऊन राहत, त्यामुळे वेगवेगळ्या धर्मांची प्रार्थनास्थळं आणि दफनभूमी थोड्या अंतरात सापडतात. दफनभूमीत थोडा वेळ घालवा. दगडांवरची जन्मगावं आणि वयं वाचली की या व्यापाराची किंमत कुणी मोजली ते कळतं. जिथे गुलामांचा व्यापार झाला, तिथल्या वखारी आणि बाजारांबद्दलही विचारा. देखण्या दर्शनी भिंतींमागे हा इतिहास पुष्कळदा झाकलेला असतो, आणि तो टाळून बंदर समजत नाही.

सहावी पायरी: दुपारी संग्रहालय, उतरत्या उन्हात तटबंदी

दुपारी ऊन डोक्यावर आलं की संग्रहालयात जा. सगळी दालनं बघायची गरज नाही. बंदराचा सर्वांत जुना नकाशा कुठे आहे ते विचारा आणि त्याच्यासमोर वेळ काढा. सकाळभर चालून झालेलं असल्यामुळे तो नकाशा आता ओळखीचा वाटेल.

ऊन उतरल्यावर तटावर किंवा टेकडीवर चढा. श्रीलंकेतल्या गॉलच्या तटावरून फिरता येतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला आखीव रस्त्यांचं गाव. डचांनी तिथे जमिनीखालून गटारं अशी बांधली की भरतीचं पाणी आत शिरावं आणि घाण समुद्रात वाहून न्यावी. जुन्या बंदरांत उंचावर कुठे कुठे खांबावर अडकवलेला मोठा गोळा दिसतो. ठरल्या वेळी तो खाली सोडत आणि जहाजावरचे लोक त्यावर घड्याळं लावत. ग्रिनिचचा गोळा १८३३ पासून दुपारी एकच्या ठोक्याला पडतो. घड्याळ चुकलं तर भर समुद्रात आपण कुठे आहोत याचा हिशोब चुकायचा.

थोडं सांभाळून

शेवाळलेल्या पायऱ्यांवर पाऊल टाकू नका, ओहोटीत तर मुळीच नाही. वारा असेल तेव्हा बंधाऱ्याच्या टोकाला जाऊ नका. बराच वेळ शांत राहून मधेच एखादी मोठी लाट अंगावर येते. रबरी तळाचे बूट, टोपी आणि पाणी सोबत असू द्या. आणि ही लोकांची राहती घरं आहेत याचं भान ठेवा. उघडं दार दिसलं म्हणून आत डोकावू नका, वाळत घातलेल्या जाळ्यांवरून चालू नका, मासे उतरवणाऱ्यांच्या वाटेत उभे राहू नका. त्यांचं काम आटोपल्यावर ‘इथे पाणी कुठवर चढतं?’ एवढं विचारा. बहुतेक जण हातातलं ठेवून जागा दाखवायला येतात, आणि अशी माहिती फलकांवर मिळत नाही.

परतीसाठी शेवटच्या बोटीच्या आधीची बोट धरा. वारा वाढला की पहिल्यांदा शेवटचीच फेरी रद्द होते.