पोर्शे ९४४ : वजन कुठे ठेवलंय ते कळलं नाही, की या चुका होतात

पोर्शे ९४४ ही जुनी जर्मन स्पोर्ट्स कार स्वस्तात मिळाली की माणूस आधी रंग बघतो, मग चाकं, मग आतल्या सीट. इंजिनाची घरघर ऐकून समाधान मानतो आणि गाडी घरी आणतो. मला या गाडीबद्दल मनापासून प्रेम आहे, म्हणूनच सांगतो : तिचे बहुतेक महागडे बिघाड गाडी म्हातारी झाली म्हणून होत नाहीत. तिची रचना इतर गाड्यांपेक्षा वेगळी आहे हे लक्षात न घेता तिला हात लावला म्हणून होतात.

रचना थोडक्यात अशी. १९८२ ते १९९१ या काळात ही गाडी बनली. पुढे, बहुतेक मॉडेलांत २४७९ सीसीचं, चार सिलिंडरचं ॲल्युमिनियम इंजिन, एका बाजूला ३० अंश कललेलं. गिअरबॉक्स मात्र इंजिनाला चिकटलेला नाही. तो मागच्या चाकांमध्ये, डिफरन्शियलसोबत (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागासोबत) एकाच घरात बसवलाय. दोघांना जोडणारी एक जाड नळी, तिच्यात बारीक शाफ्ट. त्यामुळे वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं वाटलं जातं. पुढच्या चुका या मांडणीतून, नाहीतर या इंजिनाच्या खास रचनेतून येतात.

टायमिंग बेल्टला ‘अजून बरा दिसतोय’ म्हणणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. टायमिंग बेल्ट म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची चाल जुळवून ठेवणारा दात्यांचा पट्टा. या इंजिनात तो तुटला किंवा दात सरकले, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, आणि नशीब वाईट असेल तर पिस्टनलाही खूण पडते. गाडी विकणाऱ्याने ‘बेल्ट बदललाय’ म्हटलं आणि पावती दाखवली नाही, तर बेल्ट बदललेला नाही असंच धरून चाला. बरेच मालक साधारण ४८,००० किलोमीटर किंवा चार-पाच वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा बेल्ट बदलतात. उभ्या गाडीचं रबरसुद्धा वाळतं, म्हणून वर्षांचा हिशोब किलोमीटरइतकाच खरा.

इथे तीन पोटचुका आहेत. पहिली : फक्त पट्टा बदलून रोलर आणि सील तसेच ठेवणं. पुढच्या सीलमधून झिरपणारं ऑइल नव्या पट्ट्यावर पडलं की तो नवा पट्टाही लवकर जातो. वॉटरपंप याच बेल्टवर फिरतो, म्हणून तो आत्ताच तपासा. उद्या पंप गळाला तर हे सगळं पुन्हा उघडावं लागेल.

दुसरी : ताण अंदाजाने ठेवणं. बोटाने दाबून ‘ठीक वाटतोय’ हे इथे चालत नाही. कंपनीने यासाठी ताण मोजण्याचं वेगळं हत्यार दिलं होतं, ते उगाच नाही. १९८७ पासून स्प्रिंगचा टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग) आला, तरी त्याला सैल करून, इंजिन हाताने फिरवून, ठरलेल्या जागी पुन्हा घट्ट करण्याची क्रिया मॅन्युअलप्रमाणेच करावी लागते. मोजमाप इंजिन पूर्ण थंड असतानाच. शिवाय नवा बेल्ट सुरुवातीला थोडा ताणला जातो. म्हणून साधारण ३,००० किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासणं हा कामाचाच भाग आहे, आणि नेमका हाच भाग लोक विसरतात.

तिसरी : दुसरा पट्टा विसरणं. या इंजिनात बॅलन्स शाफ्टसाठी, म्हणजे इंजिनाचा कंप दाबणाऱ्या शाफ्टसाठी, वेगळा बेल्ट आहे. तो तुटला तर त्याच्या चिंध्या टायमिंग बेल्टमध्ये अडकू शकतात, आणि मग नुकसान टायमिंग बेल्ट तुटल्यासारखंच.

सोळा व्हॉल्व्हच्या ९४४ एस आणि एस२ मध्ये आणखी एक गोष्ट. दोन कॅमशाफ्टना जोडणारी साखळी आहे आणि तिच्या टेन्शनरवर प्लॅस्टिकची पट्टी. ती पट्टी झिजून मोडली की साखळी सैल होते आणि कॅमशाफ्टचंच नुकसान होतं. ही पट्टी बाहेरून दिसत नाही, व्हॉल्व्ह कव्हर उघडूनच बघावी लागते.

थरथर आली की थेट बॅलन्स शाफ्टवर संशय

चार सिलिंडरचं इंजिन इतकं मोठं केलं की त्याला एक अंगभूत कंप येतो. पोर्शेने तो दाबायला दोन शाफ्ट बसवले, जे क्रँकशाफ्टच्या दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. हे तंत्र मित्सुबिशीकडून परवान्याने घेतलेलं. नीट बसवलं असेल तर इंजिन इतकं गुळगुळीत चालतं की चार सिलिंडरचं आहे हे विसरायला होतं.

म्हणून स्टिअरिंग थरथरलं की सगळे शाफ्टकडे बोट दाखवतात. खरं कारण बऱ्याचदा इंजिन माउंट असतं, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ती उशी. या माउंटमध्ये द्रव भरलेला असतो, आणि एक्झॉस्टच्या उष्णतेने वर्षानुवर्षं शेकून ते खचतात. इंजिन खाली बसतं, रबराची उशी संपते आणि कंप थेट बॉडीत जातो. आयडलला (पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) थरथर जास्त आणि आरपीएम वाढला की कमी, तर आधी माउंट बघा.

उलट बाजूने, बेल्टचं काम झाल्यावर लगेच थरथर सुरू झाली असेल, तर बॅलन्स शाफ्ट एखादा दात चुकून बसवलाय असं समजा. खुणा पुन्हा जुळवा. आणि काम झाल्यावर वेगाबरोबर चढत जाणारा बारीक घूं-घूं आवाज आला, तर बॅलन्स बेल्ट जास्तच आवळलाय. तो सैल करायचा, सोसायचा नाही.

कूलंटमध्ये ऑइल दिसलं की हेड उतरवणं

कूलंटच्या टाकीत तपकिरी, साईसारखा थर दिसला की पोटात गोळा येतो आणि मेकॅनिक ‘हेडगास्केट’ (इंजिन ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग) म्हणून मोकळा होतो. थांबा. टर्बो सोडून इतर ९४४ मध्ये ऑइल थंड करणारा एक छोटा कूलर इंजिनाला लागूनच आहे. त्यातून एकीकडून ऑइल आणि दुसरीकडून कूलंट वाहतं. मधले सील कडक झाले की ऑइल कूलंटमध्ये शिरतं, कारण चालू इंजिनात ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो.

मग ओळखायचं कसं? चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन नीट आहे, टाकीत बुडबुडे येत नाहीत, गाडी गरम होत नाही, डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आहे, तर पहिला संशय कूलरच्या सीलवर. हेडगास्केटच्या मानाने हे काम बरंच लहान. फक्त कूलरचं घर परत बसवताना ते सरळ रेषेत हवं, नाहीतर नवे सीलही दाबून फाटतात.

त्यानंतर कूलंटचा मार्ग नीट धुतला नाही, तर ऑइलने रबरी होज मऊ पडतात. आणि नवं कूलंट भरताना हवा काढण्याचा स्क्रू विसरू नका. हिटर पूर्ण उघडा ठेवून, त्या स्क्रूतून फक्त कूलंट येईपर्यंत हवा काढायची. हवा अडकून राहिली की गेज वर चढतं आणि ज्याच्यात काही दोष नाही तो थर्मोस्टॅट उगाच बदलला जातो.

गरम झाली की बंद पडते, म्हणून पंप बदलणं

गाडी धावता धावता मेली, दहा-वीस मिनिटांनी काहीच न झाल्यासारखी सुरू झाली. इथे इंधन पंप, डिस्ट्रिब्युटर, कॉइल असं एकेक बदलत बसू नका. आधी डीएमई रिले. इंजिनाच्या कॉम्प्युटरला आणि इंधन पंपाला वीज देणारा हा रिले आतून सोल्डरच्या जोडात चिरतो, आणि उष्णतेने ती चीर उघडते. नवा रिले लावा आणि एक गाडीतच ठेवा. या गाडीसाठी इतक्या कमी खर्चात इतकी निश्चिंती दुसरी कुठली वस्तू देत नाही.

क्लचचं काम झाल्यावर गाडी सुरूच होत नसेल, तर रिलेआधी सेन्सर बघा. बेलहाउसिंगवर (क्लचच्या आवरणावर) दोन सेन्सर फ्लायव्हीलच्या अगदी जवळ बसतात. फ्लायव्हीलपासून अंतर ०.८ मिमी हवं. दोन्हींचे प्लग सारखेच दिसतात, एकमेकांत अदलाबदल झाली की स्पार्कच येत नाही. स्टार्टर फिरवताना आरपीएमची सुई जराही हलली नाही, तर संशय सहसा इथेच.

क्लच आणि गिअर : घाई नको

क्लच इंजिनापाशी पुढे, गिअरबॉक्स मागे. म्हणजे क्लच बदलायला एक्झॉस्ट आणि मागचा ट्रान्सअॅक्सल (गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं एकत्र घर) उतरवून, मधली नळी मागे सरकवावी लागते. काम मोठं, म्हणून लोक ते ढकलत राहतात. सुरुवातीच्या गाड्यांत क्लच प्लेटच्या मध्यभागी रबर होतं. ते फाटलं की धाडकन आवाज येतो आणि ओढच जाते. बरेच जण याला गिअरबॉक्स गेला असं समजतात. प्लेट बदलताना स्प्रिंगच्या मध्याची घ्या. आयडलला गिअरबॉक्सचा किंचित खडखडाट ऐकू येईल, तो चालतो.

क्लचच्या मागे तो लांब शाफ्ट आहे. गिअर बदलताना सिंक्रोला (गिअरचे वेग जुळवणाऱ्या भागाला) क्लच प्लेटसोबत त्या शाफ्टचाही वेग जुळवावा लागतो. पहिल्यातून दुसऱ्यात झटका मारणाऱ्यांचे सिंक्रो म्हणूनच लवकर जातात, विशेषतः थंड ऑइलवर. गिअरचा दांडा क्षणभर न्यूट्रलमध्ये टेकवून मग पुढे ढकला, गिअर आपसूक जातो.

वळणावर : कावड खांद्यावर आहे

जड वस्तू दोन टोकांना असल्याने ही गाडी खांद्यावर कावड घेतलेल्या माणसासारखी वळते. पटकन गिरकी घेत नाही. पण एकदा फिरायला लागली की थांबायलाही वेळ लागतो. म्हणून वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडणं ही खरी चूक. मागचा भाग सुरुवातीला हळू सुटतो, चालकाला वाटतं आवरता येईल, आणि दुरुस्ती उशिरा होते. ब्रेक वळणाआधी संपवा, आत ॲक्सिलरेटरवर स्थिर पाय ठेवा, बाहेर पडताना तो दाबा.

साध्या ९४४ मध्ये २०५ न्यूटन-मीटर टॉर्क ३,००० आरपीएमलाच मिळतो. रोजच्या चालवण्यात तिला सारखं ६,००० पर्यंत ताणायची गरज नाही. टर्बोत मात्र २२० अश्वशक्ती, शेवटच्या टर्बो एसमध्ये २५०, आणि ताकद उशिराने एकदम येते. वळणाच्या मध्यात पाय दाबून वाट बघितली, तर ती नेमकी चुकीच्या क्षणी येते.

ट्रॅकवर लांब वळणं जोरात घ्यायची असतील तर आधी ऑइलची पातळी वरच्या खुणेवर ठेवा. या इंजिनात जोरदार वळणात ऑइल एका बाजूला सरकून क्रमांक दोनच्या रॉड बेअरिंगला तुटवडा पडतो. संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) बॅफल, म्हणजे ऑइल सरकू न देणाऱ्या आडपट्ट्या, लावल्याशिवाय चिकट टायर लावू नका. टायर जितकी जास्त पकड देईल, तितकं ऑइल जास्त सरकेल.

आणि शेवटची एक, जी दिसायला निरुपद्रवी वाटते : गाडी खाली करणं. मागे कॉइल स्प्रिंग नाहीत, आडवे टॉर्शन बार आहेत, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे. त्यांची उंची बदलायची तर बार काढून दात सरकवून बसवावे लागतात, म्हणून बरेच जण फक्त पुढची बाजू खाली करतात. १९८५ च्या मध्यापासून आलेल्या ॲल्युमिनियमच्या पुढच्या आर्ममध्ये बॉल जॉइंट (चाकाला आर्मशी जोडणारा गोल सांधा) कंपनीने वेगळा दिला नाही. गाडी जास्त खाली केली की त्याच्या खिळीवर वाकडा भार येतो, आणि ती तुटल्याच्या घटना झाल्या आहेत. खाली केलेली गाडी बघायला गेलात, तर चाकं बघत बसण्याआधी तिला जॅकवर चढवून या जॉइंटचा खेळ तपासा.