तांबड्या मातीत हरवलेली सोन्याची वाटी

भाताची लावणी करताना वैनीच्या मंगळसूत्रातली एक वाटी खानापूरच्या आमच्या शेतात पडली. कापणी उरकून शेत सुकल्यावर मित्राकडून मेटल डिटेक्टर आणला. चालू केला तर पावलोपावली पीं पीं! शेजारचे काका हसले, "कोलारची सोन्याची खाण २००१ सालीच बंद पडली की रे, इथं काय शोधतोस?"

दोष यंत्राचा नव्हता, आमच्या जांभ्याच्या मातीचा होता. तिच्यात लोह भरपूर, तेच वाजत होतं. मग खाली धातू नाही अशी जागा बघून ग्राउंड बॅलन्स केलं, म्हणजे मातीचा आवाज यंत्रानं सोडून द्यावा असं जुळवलं: यंत्राची खालची तबकडी गुडघ्याएवढी उचलायची, जमिनीपासून दोन बोटांवर आणायची, आणि वर-खाली करताना आवाज बदलेनासा होईपर्यंत बटण फिरवायचं. सेन्सिटिव्हिटीही थोडी उतरवली.

खरी चूक मात्र वेगळीच. खिळे टाळायला मी डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गाळायचं बटण, चढवून ठेवलं होतं. बारीक सोन्याचा इशारा चांदीच्या कागदासारखाच, तोही गाळला जात होता. ते शून्यावर आणलं. मग नऊ खिळे, एक बैलाची नाल, आणि बांधाजवळ चार बोटं खाली, चिखलाच्या ढेकळात, वाटी. वैनीनं पदरानं पुसून आधी दातानं चावून बघितली.