बूट मेनूवर कासची फुलं

उबुंटू किंवा मिंट या लिनक्स सिस्टिममधल्या ग्रबचा, म्हणजे संगणक चालू होताना कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, काळा मेनू सहज सजवता येतो. साताऱ्यात असाल तर कासच्या पठाराचा किंवा अजिंक्यताऱ्याचा फोटो मोबाइलमध्ये असणारच. तो पीएनजी किंवा जेपीजी करून बूट फोल्डरातल्या ग्रब फोल्डरात ठेवा. होममध्ये नको, ते एन्क्रिप्टेड असलं तर ग्रबला वाचता येत नाही. फोटो जरा अंधारलेला घ्या. भरदिवसाच्या फुलांवर पांढरी अक्षरं दिसत नाहीत.

आता ईटीसीमधल्या डीफॉल्ट फोल्डरातली ग्रब ही फाइल सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, उघडा. आधी तिची कॉपी काढा, यात आळस नको. ग्रब_बॅकग्राउंडपुढे फोटोचा पूर्ण पत्ता लिहा, टाइमआउट १० (सेकंद) आणि टाइमआउट_स्टाइल मेनू करा. ग्रब_टर्मिनल=कन्सोल ही ओळ चालू असेल तर तिच्या सुरुवातीला हॅश (#) टाका, नाहीतर चित्र उमटणारच नाही. शेवटी टर्मिनलमध्ये सुडोने अपडेट-ग्रब ही कमांड चालवा.

विंडोज यादीत नाही? ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिमची शोधाशोध मुळातच बंद असते. त्याच फाइलमध्ये ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर फॉल्स करून पुन्हा अपडेट करा. चित्र ताणलेलं वाटलं तर मेनूत सी दाबून व्हिडिओइन्फो टाइप करा. त्यात दिसणाऱ्यांपैकीच एक रिझोल्यूशन त्याच फाइलमधल्या ग्रब_जीएफएक्समोडला द्या आणि पुन्हा अपडेट-ग्रब चालवा.